आत्याचं ऑपरेशन आणि त्यामागची सत्तर वर्षं

मागच्या वैशाखात लातूरकडच्या आमच्या गावी लग्न होतं. पंगतीत आत्यानं वाटीभर बुंदी खाल्ली आणि वीस मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा आला. "जीव घाबरा व्हायलाय गं," म्हणत ती ओसरीवर आडवी झाली. बायकांनी मीठमोहऱ्यांनी नजर उतरवली.

वर्षापूर्वी वजन उतरावं म्हणून तिचं जठराचं बायपास, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन झालं होतं. या ऑपरेशननंतर साखर जठरात न रेंगाळता भसकन लहान आतड्यात उतरते, आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं आणि असा त्रास होतो. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. घरात मात्र सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की आत्याचं पोट लहान केलंय, म्हणून ती कमी जेवते. या समजुतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. ज्या सर्जन मंडळींनी या वाटेवर पहिली पावलं टाकली, त्यांचा हिशेबही असाच सरळ होता.

1954 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले क्रेमेन आणि त्यांचे सहकारी यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून दोन टोकं जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. शोषणारं आतडंच तोकडं केलं की अंगाला लागणार कमी, हा त्यामागचा विचार. पुढं वीसेक फुटांतलं जेमतेम दीड-दोन फूट आतडं कामाला ठेवण्यापर्यंत मजल गेली. वजनं उतरली, पण जुलाब थांबेनात. मुतखडे झाले, काहींचं यकृत निकामी झालं. 1980 च्या सुमारास ही पद्धत मागे पडली.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांना सापडली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचं वजन वाढत नाही, हे त्यांच्या नजरेत भरलं. 1966 मध्ये त्यांनी जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडली. आज ही जोडणी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची करतात. ती मुळात एकोणिसाव्या शतकातले स्विस सर्जन सेझार रू यांची. 1994 पासून हेच काम दुर्बिणीतून होऊ लागलं.

या इतिहासातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते यापुढचं. अमेरिकन सर्जन वॉल्टर पोरीज यांच्याकडे बायपास झालेल्या मधुमेही रुग्णांची साखर काही दिवसांतच खाली येऊ लागली, वजन अजून फारसं हललेलंही नसताना. 1995 मध्ये त्यांनी याचा दीर्घ अनुभव प्रसिद्ध केला. मग 1999 मध्ये जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन शोधलं. भूक चेतवणारं हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. आतड्याच्या खालच्या टोकातून जीएलपी-1 नावाचं दुसरं संप्रेरक पाझरतं, ते पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं आणि इन्शुलिनला हात देतं. बायपासनंतर अन्न तिथवर लवकर पोचतं आणि हा निरोप मोठ्यानं जातो. म्हणजे आत्याची भूक मेली ती नुसती पिशवी लहान झाली म्हणून नव्हे.

वजन उतरवण्याचं दुसरं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह. त्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळीसारखी नळी ठेवतात. फार स्थूल रुग्णांसाठी ही केवळ पहिली पायरी म्हणून करत असत, पण तेवढ्यावरच वजन उतरतं असं दिसलं. तिचा एक तोटा म्हणजे छातीतली जळजळ काहींना वाढते.

जळजळ आत्याला आधीही होती. पोटावरच्या चरबीचा दाब जठरावर पडून आम्ल वर यायचं आणि ती रोज रात्री सोडा प्यायची. यकृतातही चरबी होती. 1972 च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली ही बाई. तिच्या अंगावर एवढी चरबी कशी, असं गावात विचारतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं दाखवत आलेत की आपली माणसं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबी जास्त असते आणि याचं मूळ आईच्या पोटापर्यंत जातं. म्हणूनच आशियाई लोकांना बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 27.5 असल्यापासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असं 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे.

बायपासमध्ये ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, वगळला जातो, आणि लोह-कॅल्शियम शोषण्याची मोठी जागा तीच. बी-12 ला तर जठरातलं आम्ल आणि तिथंच तयार होणारं एक प्रथिन लागतं. आत्या माळकरी, मांस-मासे वर्ज्य, म्हणजे बी-12 मुळातच बेताचं. वर जेवणावर लगेच चहा, जो लोह अडवतो. बी-12 चा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, त्यामुळे तळपायाला मुंग्या येतात तेव्हा ऑपरेशन कुणाच्या ध्यानातही नसतं. म्हणून या घटकांच्या गोळ्या जन्मभराच्या असतात, आणि आत्यानं सहाव्या महिन्यात सोडल्या होत्या. "आता बरी हाय की मी," हे तिचं कारण.

लग्नानंतर तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "स्लीव्ह की बायपास?" आत्याला सांगता येईना. आता डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स तिच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घडी करून असते, बुक्क्याच्या डबीशेजारी.