पर्यावरणस्नेही अंतर्वस्त्रे

पर्यावरणस्नेही अंतर्वस्त्रे : तंतूच्या उत्पादनापासून वापरानंतरच्या विल्हेवाटीपर्यंत पाणी, घातक रसायने आणि न कुजणारे तंतू यांचा वापर शक्य तितका कमी ठेवून तयार केलेली, अंगालगत घालावयाची वस्त्रे. सेंद्रिय कापूस, मोडाल व लायोसेल (दोन्ही लाकडाच्या लगद्यापासून काढलेले) आणि पुनर्चक्रित नायलॉन हे त्यांचे प्रमुख तंतू होत. मुंबईच्या बाजारात ही संज्ञा अलीकडच्या काळात रुळली.

काचोळीच्या (ब्रेसिअर) उगमाविषयी मतभेद आहेत. ‘अमरकोशा’त चोल व कूर्पासक हे शब्द समानार्थी दिले आहेत, पण ती शिवलेली चोळी असावी, तिला आजच्या काचोळीची पूर्वज म्हणणे घाईचे ठरेल. मेरी फेल्प्स जेकब यांना अमेरिकेत १९१४ मध्ये काचोळीचे पेटंट मिळाले. पॅरिसमध्ये एर्मिनी कादोल यांचे दोन भागांचे वस्त्र १८८९ च्या सुमाराचे मानतात. ऑस्ट्रियातील लेंगबर्ग किल्ल्यात सापडलेल्या, पंधराव्या शतकातील कप असलेल्या लिननच्या (जवसाच्या तंतूच्या) वस्त्रांची माहिती २०१२ मध्ये जाहीर झाल्यापासून १९१४ हे वर्ष शोधाचे न मानता केवळ पेटंटचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ही सर्व वस्त्रे मुख्यतः लिनन, रेशीम किंवा कापसाची होती. पर्यावरणाच्या दृष्टीने खरे वळण १९५८ चे : त्या वर्षी ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी इलॅस्टेन (स्पँडेक्स) हा ताणला जाणारा कृत्रिम तंतू तयार केला.

इलॅस्टेनमध्ये खंडित पॉलियुरेथेनचे प्रमाण किमान ८५ टक्के असते. होजिअरी कापडात तो थोडाच, बहुधा ५ ते २० टक्के घालतात. पण विणीत तो इतका एकजीव होतो की यंत्राने वेगळा काढता येत नाही आणि पुनर्चक्रणासाठी कापड फाडून तंतू सुटे करताना तो ताणला जाऊन अडथळा करतो. त्यामुळे ‘९५ टक्के सेंद्रिय कापूस’ असा शिक्का असलेली निकरही पूर्णपणे कुजत नाही. जागतिक सेंद्रिय वस्त्र मानकानुसार (गॉट्स) ‘सेंद्रिय’ या दर्जासाठी किमान ९५ टक्के आणि ‘सेंद्रिय तंतूंसह’ या दर्जासाठी किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतात. म्हणजे इलॅस्टेनला तेथेही जागा आहे. काचोळीत याशिवाय फोमचे कप, तार, हुक, पट्ट्या व इलॅस्टिक येतात. नैसर्गिक रबराचे इलॅस्टिक हा एक पर्याय आहे. मात्र घाम, तेल आणि ऊन यांनी ते लवकर सैल पडते.

‘बांबूचे कापड’ या नावाबाबत विशेष सावधगिरी हवी. बाजारातील असे बहुतेक कापड व्हिस्कोज असते : बांबूच्या लगद्यावर दाहक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांची प्रक्रिया करून तंतू काढतात. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेस अपायकारक आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००९ मध्ये असे कापड ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई केली. लायोसेलमध्ये मात्र अमाइन ऑक्साइड हे द्रावक वापरून ते ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळवतात. म्हणून पुनर्जनित (लगद्यापासून रसायनांनी काढलेल्या) तंतूंत लायोसेलला अग्रक्रम देणे योग्य ठरते. प्रमाणपत्रेही निर्विवाद नाहीत. भारतात बनावट व्यवहार-प्रमाणपत्रांच्या (प्रत्येक खरेदी-विक्रीत माल सेंद्रिय असल्याच्या दाखल्यांच्या) आधारे सुमारे २०,००० टन कापूस सेंद्रिय म्हणून खपवल्याचे गॉट्सने २०२० मध्ये उघड केले.

मुंबईच्या दमट हवेत आर्द्रताधारणेला महत्त्व येते. प्रमाण स्थितीत कापूस सुमारे ८.५ टक्के, नायलॉन ४ टक्के, तर पॉलिएस्टर अवघे ०.४ टक्के ओलावा धरते. कापूस घाम टिपतो, पण पावसाळ्यात दोरीवर दोन-दोन दिवस वाळत नाही. ओलसर अंतर्वस्त्रांमुळे जांघेत गजकर्ण होणे हा येथील नित्याचा त्रास आहे. केवळ तंतूच्या उगमावरून पर्यावरणस्नेह ठरविणाऱ्या याद्या हवामानाचा हा भाग सोडून देतात, ही त्यांची मोठी उणीव होय.

कावसजी नानाभाई दावर यांच्या गिरणीपासून (स्थापना १८५४, उत्पादन १८५६) कापडाचे शहर असलेल्या मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या, तरी संशोधन टिकले. माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून कार्यरत असून तेथे नैसर्गिक तपकिरी कापसाच्या सूतकताईवर काम झाले आहे. असा कापूस रंगवावा लागत नाही. वरळीची सस्मिरा ही कृत्रिम रेशीम गिरण्यांची संशोधन संस्था १९५० ची. लॅक्मे फॅशन वीकमध्ये २०१९ साली वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या सहभागाने ‘शुअर’ हा शाश्वत फॅशनचा संकल्प जाहीर झाला. होजिअरी माल मात्र बराचसा तमिळनाडूतील तिरुपूरहून येतो. तेथील रंगाई कारखाने नोय्यल नदीच्या प्रदूषणामुळे मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंद करविले होते.

मुंबईत जुने कपडे बोहारणीकडे जातात, कापडाच्या चिंध्यांनाही गिऱ्हाईक असते. अंतर्वस्त्रांना त्या देवघेवीत जागा नाही. इलॅस्टिक व हुक न काढताच ती सुक्या कचऱ्यात टाकली जातात.