हिऱ्याची चमक क्लॅरिटीतून येत नाही

"हिरा बदलून मोठा घ्यायचाय, पैसे मोजकेच आहेत, क्लॅरिटी किती वरची घेऊ?" हा प्रश्न इतक्या वेळा कानावर येतो की उत्तर देणाराही कंटाळतो. विचारणाऱ्याचा क्रम ठरलेला असतो: आधी क्लॅरिटी, मग कलर, मग कॅरेट आणि सगळ्यात शेवटी कट, तोही ‘एक्सलंट लिहिलंय ना, मग झालं’ एवढ्यावर सुटतो. या क्रमामागची समजूत अशी की हिरा आतून जितका स्वच्छ, तितका तो जास्त लखलखतो. मग व्हीव्हीएस (जवळजवळ निर्दोष) दर्जासाठी बजेटचा मोठा भाग जातो आणि घरी येतो तो महागडा, पण मंद हिरा.

क्लॅरिटीबद्दल वाचकाला माहीत असतंच, म्हणून थोडक्यात. हिरे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयए या अमेरिकी संस्थेच्या पद्धतीत फ्लॉलेसपासून (निर्दोष) आय-३ पर्यंत ११ दर्जे आहेत; मधले उतरत्या क्रमाने व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि आय. दहापट मोठं दाखवणाऱ्या लूपखाली आत काय दिसतं (स्फटिक, पिसासारख्या चिरा, सुया, ढग) आणि पृष्ठभागावर काय दिसतं, यावर दर्जा ठरतो. दहापट हा शब्द लक्षात ठेवा. व्हीव्हीएस-१ आणि व्हीएस-२ यांतला फरक भिंगाखालचा आहे. अंगठी हातात घालून वीतभर अंतरावरून पाहणाऱ्याला गोल हिऱ्यात तो दिसत नाही.

कट म्हणजे शेप नव्हे. गोल, बदाम, चौकोनी, अंडाकृती हे शेप. कट म्हणजे पैलूंचे कोन आणि प्रमाणं.

आता खरी गोम. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ च्या आसपास आहे, त्यामुळे त्याचा क्रांतिक कोन फक्त २४.४ अंश. आत शिरलेला किरण मागच्या पैलूवर, पैलूच्या लंबापासून मोजता, याहून मोठ्या कोनात आदळला तर पूर्ण परावर्तित होतो. लहान कोनात आदळला तर बराचसा प्रकाश मागून निसटतो. म्हणजे हिऱ्याचा मागचा शंकू, पॅव्हिलियन, आरशासारखा काम करतो. आरसा वाकडा टांगला असेल तर तो कितीही स्वच्छ पुसा, चेहरा दिसायचा नाही. व्हीएस-२ मधला सुईच्या टोकाएवढा स्फटिक प्रकाशाचा नगण्य भाग अडवतो. पॅव्हिलियन दीड-दोन अंशांनी चुकला तर टेबलाखालचा (टेबल म्हणजे हिऱ्याचा वरचा सपाट पैलू) भाग विझू लागतो.

कसा विझतो तेही पाहा. गोल ब्रिलियंटचा (नेहमीच्या, अनेक पैलूंच्या गोल हिऱ्याचा) पॅव्हिलियन, गर्डलच्या (हिऱ्याच्या सर्वांत रुंद कडेच्या) पातळीपासून मोजता, साधारण ४०.७५ अंशांचा असेल तर वरून सरळ आलेला किरण समोरासमोरच्या दोन पैलूंवर आपटून तिरका बाहेर पडतो. म्हणजेच डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश डोक्याच्या बाजूने, खोलीतून आलेला असतो. कोन ४५ कडे सरकू लागला की किरण आल्या वाटेने परततो. त्या वाटेवर असतं बघणाऱ्याचं स्वतःचं डोकं, आणि हिऱ्याच्या मध्यभागी काळा डाग दिसू लागतो. याला नेलहेड म्हणतात. उलट पॅव्हिलियन फार उथळ, ४० च्या बराच खाली गेला तर टेबलातून गर्डलचं फिकट कडं दिसतं. हा फिशआय. या दोन्ही दोषांचा क्लॅरिटीशी काडीचा संबंध नाही. फ्लॉलेस हिऱ्यातही ते तितकेच असतात. मार्सेल टोलकॉव्स्कीने १९१९ साली गणिताने मांडलेली प्रमाणं होती: क्राउन (गर्डलच्या वरचा उतार) ३४.५ अंश, पॅव्हिलियन ४०.७५, टेबलाची रुंदी व्यासाच्या ५३ टक्के. आजही चांगले गोल हिरे त्याच परिसरात सापडतात.

म्हणूनच नवा हिरा शोधायच्या आधी जुना धुवा. हिऱ्याला तेलकटपणा फार चटकन चिकटतो, आणि अंगठीत तो नेमका मागच्या पैलूंवर, कोंदणाच्या आत साचतो. हवेऐवजी तेलाचा थर लागला की क्रांतिक कोन २४ वरून ३८ अंशांच्या आसपास जातो आणि आधी परतणारा बराच प्रकाश मागून गळू लागतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, २० मिनिटं भिजवणं आणि मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासणं. प्रॉंग (हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नख्या) सैल असतील तर आधी ते घट्ट करून घ्या, आणि हे काम वाहत्या नळाखाली उघड्या बेसिनवर करू नका. बदलायला काढलेले कितीतरी हिरे एवढ्यानेच परत जिवंत होतात.

‘एक्सलंट’ या शब्दाकडे वळू, कारण दुसरा खड्डा तिथे आहे. जीआयएच्या प्रमाणपत्रावर गोल ब्रिलियंटच्या कटचा दर्जा २००६ पासून येतो. एक्सलंटचा पट्टा बराच रुंद आहे: क्राउन साधारण ३२ ते ३६ अंश, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१.८. एकेक कोन सुटा पाहिला तर चालून जातो, जोडी मात्र चालतेच असं नाही. क्राउन उंच असेल तर पॅव्हिलियन थोडा उथळ हवा. क्राउन एक अंशाने चढला तर पॅव्हिलियन साधारण ०.२ अंशाने उतरायला हवा. ३४ ला ४१ जमतो, ३५ ला ४०.८ जमतो. ३६ आणि ४१.४ अशी दोन्हीकडून चढी जोडी टेबलाच्या कडेखालून प्रकाश गाळते. त्यात प्रमाणपत्रावर क्राउन अर्ध्या अंशाला आणि पॅव्हिलियन ०.२ अंशाला पूर्ण करून लिहिलेला असतो, म्हणजे काठावरचा आकडा खरा त्याहून वाईटही असू शकतो. काठावरचे हिरे सरळ वगळावेत असं माझं मत आहे.

गोल हिऱ्यासाठी चाळणी अशी लावा: टेबल ५४ ते ५८ टक्के, खोली (वरपासून तळापर्यंतची उंची, व्यासाच्या तुलनेत) ६० ते ६२.५ टक्के, क्राउन ३४ ते ३५, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१, गर्डल पातळ ते किंचित जाड, क्यूलेट (तळाच्या टोकावरचा छोटा पैलू) नाही. याबाहेर चांगले हिरे नसतातच असं नाही, पण मोजक्या पैशात आणि मोजक्या वेळात ते शोधण्यात अर्थ नाही. पॉलिश आणि सिमेट्री ‘व्हेरी गुड’ असली तरी डोळ्याला फरक कळत नाही. ‘ट्रिपल एक्सलंट’साठी (कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट) जादा पैसे मागितले की आधी कोन विचारा.

मग हिरा हातात घ्या, आणि दुकानातल्या स्पॉटलाइटपासून दूर जा. त्या दिव्यांखाली काचही चमकते. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, अशा मवाळ प्रकाशात हिरा २५-३० सेंटीमीटरवर धरा आणि हळूहळू कलवा. मग मेजाखालच्या सावलीत न्या. चांगला कट असलेला हिरा तिथेही उजळ राहतो आणि काळे-पांढरे भाग नेटके आलटून-पालटून येतात. मध्यभाग करडा, निर्जीव राहत असेल तर बाजूला ठेवा. सुटा हिरा असेल तर चिमट्यात गर्डलला धरून खाली लाल कापड ठेवा आणि वरून पाहा: जिथे लाल आरपार दिसतं तिथून प्रकाश गळतोय. आयडियलस्कोप (लाल परावर्तक असलेलं छोटं भिंग) मिळाला तर काम सोपं होतं. त्यात लाल म्हणजे परतलेला प्रकाश, पांढरं म्हणजे गळती आणि काळं म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्याची सावली. हीच परीक्षा दोन-तीन हिऱ्यांवर शेजारी शेजारी करा. एकटा हिरा नेहमीच बरा दिसतो.

कटचा दुसरा फायदा हिरा बदलणाऱ्याच्या फारच कामाचा आहे, तरी त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कॅरेट हे वजन आहे, १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. दिसतो तो मात्र व्यास. गोल हिऱ्याचं वजन ढोबळ मानाने व्यासाचा वर्ग × खोली × ०.००६१ या सूत्राने येतं, मापं मिलिमीटरमध्ये. ६१ टक्के खोलीचा ०.५० कॅरेटचा हिरा ५.१ मिमी, ०.७० चा ५.७, ०.९० चा ६.२, १.०० चा ६.४५ आणि १.५० चा ७.४ भरतो. वजन दुप्पट केलं तरी व्यास फक्त २६ टक्क्यांनी वाढतो.

आता १.०० कॅरेटचा, पण ६५.६ टक्के खोलीचा हिरा घ्या: व्यास ६.३ मिमी. ०.९३ कॅरेटचा, ६१ टक्के खोलीचा हिराही ६.३ मिमीच. पहिल्याचं जादा वजन पोटात, बघणाऱ्याच्या नजरेआड आहे. तरी तुम्ही पैसे मोजता ते त्या पोटाचेच, आणि तेही वरच्या दराने. कारण हिऱ्याचा भाव प्रति कॅरेट लागतो आणि ०.५०, ०.७०, ०.९०, १.००, १.५०, २.०० या टप्प्यांवर तो दर उडी मारतो. पैलू पाडणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. कच्च्या खड्यातून देखणा ०.९६ निघत असताना खोली आणि गर्डल जाड ठेवून तो १.०० वर थांबतो. म्हणून नेमक्या १.०० ते १.०२ वजनाच्या हिऱ्याकडे संशयानेच पाहावं आणि मिलिमीटर आधी वाचावेत. गर्डल ‘व्हेरी थिक’ लिहिलं असेल तर वजन कुठे गेलं हे कळतंच. टप्प्याच्या अलीकडचे ०.९० ते ०.९६ किंवा १.४० च्या आसपासचे, चांगल्या कटचे हिरे क्वचित मिळतात. मिळाले की सोडू नका.

क्लॅरिटी कधीच आड येत नाही असं मात्र नाही. एसआय-२ किंवा आय-१ हिऱ्यात दर्जा ढगामुळे ठरला असेल तर अख्खा हिरा दुधी दिसू शकतो, आणि तिथे क्लॅरिटी खरोखर चमक खाते. प्रमाणपत्रावर ‘दर्जा न दाखवलेल्या ढगांवर आधारित’ अशा अर्थाची टीप असेल आणि दर्जा एसआय असेल तर हिरा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नका. टेबलाच्या बरोबर मध्ये काळा स्फटिक नको, आणि पॅव्हिलियनमध्ये खोल बसलेला तर नकोच, कारण त्याची प्रतिबिंबं आठ-दहा ठिकाणी उमटतात. गर्डलपर्यंत पोचणारी मोठी चीर कोंदण करताना धोक्याची. एमराल्ड आणि अ‍ॅशरसारख्या पायऱ्यांच्या कटमध्ये पैलू लांब आणि मोकळे असतात, आतलं सगळं दिसतं. तिथे व्हीएस-१ किंवा व्हीएस-२ घ्या. गोलात व्हीएस-२, किंवा नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारा एसआय-१ पुरतो. ‘डोळ्यांना स्वच्छ’ याची व्याख्या विकणाऱ्याकडून घ्या: किती अंतरावरून, फक्त वरून की बाजूनेही?

कलर (डी म्हणजे रंगहीन, पुढे झेडपर्यंत पिवळसरपणा वाढतो): पिवळ्या सोन्यात जे पर्यंत, पांढऱ्या धातूत एच किंवा आय. शेजारच्या दोन दर्ज्यांतला फरक जडवल्यावर ओळखता येत नाही. फ्लुओरेसन्स (अतिनील प्रकाशात हिरा स्वतः उजळणं) जोरदार असेल तर भाव उतरतो, आणि हिरा उन्हात धुरकट दिसत नसेल तर ती सवलत घ्यावी.

तेव्हा पैसे कमी पडले की कात्री लावायचा क्रम असा: आधी क्लॅरिटी, मग कलर, मग वजन टप्प्याच्या खाली. कटला हात नाही. आणि जुन्या-नव्यात अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक पडत असेल तर थांबा आणि पैसे साठवा. ०.५० वरून ०.६० वर गेलेला हिरा मोठा झालाय हे फक्त पावतीवरून कळतं.

जुना हिरा त्याच विक्रेत्याला देऊन बदलत असाल तर अटी आधी वाचा. नव्याची किंमत जुन्याच्या ठरावीक पटीत असावी, मूळ प्रमाणपत्र असावं, गर्डलला टवका नसावा, अशा अटी सहसा असतात. खरी अडचण ही की निवड त्याच्याकडच्या मालापुरती उरते. त्या मालात वरच्या चाळणीतून जाणारा हिरा नसेल तर बदलाची सवलत कितीही गोड असली तरी महाग पडते.

जुन्या अंगठीत नवा हिरा बसवायचा असेल तर ५.१ मिमीच्या जागी ६.४५ मिमी बसत नाही. प्रॉंग वाकवून ताणून बसवला तर त्याची पकड कच्ची राहते, म्हणून वरचं कोंदणच बदलून घ्या. आणि जडवण्याआधी, तसंच जडवून परत मिळाल्यावर, गर्डलवर लेसरने कोरलेला क्रमांक लूपखाली प्रमाणपत्राशी ताडून पाहा. कोंदण करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की त्या अक्षरांवर प्रॉंग यायला नको.