मॅगपाय: कोरियाचा शुभशकुनी पक्षी उपद्रवी कसा ठरला?

दक्षिण कोरियात वसंत तोंडावर आला की विजेच्या खांबांवरून मॅगपायची घरटी उतरवायचं काम सुरू होतं. सकाळी हा पक्षी दारात ओरडला की पाहुणा येणार, असं तिथे पिढ्यानपिढ्या मानतात. आपल्याकडे हा मान कावळ्याचा. मॅगपायही त्याच कुळातला, आपल्या टकाचोराचा भाऊबंद.

ओळखायला सोपा. डोकं, छाती, पाठ काळीभोर. पोट आणि खांदे पांढरेशुभ्र. शेपूट अंगाच्या जवळपास निम्मी. ऊन पडलं की पंखांवर निळी-जांभळी आणि शेपटीवर हिरवट झाक दिसते. नर-मादी दिसायला सारखेच, आवाज मात्र अगदी कर्कश. लडाखला जाऊन आलेल्यांनी लेहच्या आसपास असाच पक्षी पाहिला असेल; तो युरेशियन मॅगपाय. कोरियातला पूर्वी त्याचीच उपजात समजला जाई, आता बरेच अभ्यासक त्याला वेगळी जात मानतात.

दाट जंगल त्याला मानवत नाही. शेतं, गावाची कड, बागा इथे तो रमतो. जमिनीवर चालत किडे, दाणे, पडकी फळं टिपतो, संधी मिळाली तर दुसऱ्यांची अंडीही पळवतो. माणसाच्या इतक्या जवळ राहणारा पक्षी लोककथांत शिरला नसता तरच नवल. सातव्या चांद्रमासाच्या सप्तमीला ताटातूट झालेल्या दोन प्रेमिकांसाठी कावळे आणि मॅगपाय आकाशात पूल बांधतात, अशी कथा आहे. जुन्या लोकचित्रांत तो वाघाच्या डोक्यावरच्या फांदीवर बसलेला असतो. पर्सिमनची फळं उतरवताना शेंड्यावरची काही त्याच्यासाठी ठेवायची रीत आहे. सोल शहराचा पक्षीही तोच.

बिनसलं ते घरट्यावरून. मॅगपायचं घरटं म्हणजे काटक्यांचा मोठा गोळा: वर छप्पर, बाजूला दार, आत मातीचा गिलावा. त्यासाठी उंच जागा लागते. शहरात झाडांच्या जोडीला खांब आले, काटक्यांच्या जोडीला तारेचे तुकडे आणि कपड्यांचे हँगर. त्यातून शॉर्टसर्किट होऊन वीज जाते. घरटी काढली तरी जोडपी पुन्हा बांधतात. शिवाय हे पक्षी चेहरे लक्षात ठेवतात: सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या आवारात घरट्यांपर्यंत चढलेल्या संशोधकाला ते नेमके ओळखून ओरडत, असं 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

जेजू बेटाची गोष्ट तर पूर्णपणे माणसाची करणी. मुख्य भूमीपासून समुद्राने तुटलेल्या या बेटावर मॅगपाय नव्हताच. शुभ पक्षी इथेही हवा, म्हणून 1989 मध्ये सुमारे पन्नास पक्षी आणून सोडले. तिथे ते भराभर वाढले. संत्र्यांच्या बागांची नासाडी होऊ लागली, स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं जाऊ लागली. सरकारी यादीत मॅगपाय उपद्रवी ठरला आणि ज्या बेटावर त्याला हौसेने आणलं, तिथेच त्याची शिकार करायला परवाने दिले जाऊ लागले.