इंजिनबदल आणि सेल्फची वायरिंग

मोटारगाडीचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी दुसऱ्या जातीचे इंजिन चढवले की चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी विद्युत यंत्रणा पुष्कळदा अडखळते किंवा गप्प बसते. गोव्यातल्या गॅरेजांत स्टार्टर मोटरीला ‘सेल्फ’ म्हणतात आणि तक्रार ‘गाडी सेल्फ घेत नाही’ अशी सांगितली जाते. नावातच सेल्फ असल्यामुळे संशयही पहिला त्याच्यावर जातो. मोटर बदलली जाते, पैसे खर्च होतात आणि नवी मोटरही जुनीसारखीच वागते. इंजिनबदलानंतरचा दोष बहुतेक वेळा मोटरीत नसतोच. दोन गाड्यांच्या वायरिंगचा जिथे सांधा पडला तिथे, किंवा जोडायच्या राहून गेलेल्या अर्थच्या पट्टीत, म्हणजे प्रवाह बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत, तो असतो.

गोव्यातील गाड्या

१९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत युरोपातून थेट आलेल्या गाड्या गोव्यात नंतरही बरीच वर्षे धावत राहिल्या. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले की मिळेल ते इंजिन बसवणे हाच मार्ग उरे. डिचोली, साखळी, वाळपई या भागांतल्या चढउतारांवर महिंद्राच्या जीपांचा वावर मोठा. पेट्रोलवर चालणारे जुने इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्याची देशभर रुळलेली रीत इथेही आली. हौशी मंडळींचा कल वेगळा : मारुती ८०० मध्ये एस्टीमचे १.३ लिटरचे इंजिन, जिप्सीत डिझेल इंजिन, अशा जोड्या ते जमवतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच वाहतूक खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

जाड वाट आणि बारीक वाट

चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत आला. त्याआधी इंजिन हाताने हँडल मारून फिरवावे लागे. गाड्या कितीही बदलल्या तरी मूळ रचना ओळखीचीच राहिली. सेल्फकडे वीज दोन वाटांनी जाते. पहिली वाट जाड : बॅटरीच्या धन टोकापासून सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचच्या) मोठ्या टोकापर्यंत, तिथून मोटरीत, मोटरीच्या अंगातून इंजिनात आणि इंजिनातून परत बॅटरीच्या ऋण टोकाला. छोट्या पेट्रोल इंजिनासाठी या वाटेने शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह जातो. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब जास्त, त्यामुळे तिथे तो तीनशेच्या पुढेही जातो. दुसरी वाट बारीक : चावीच्या स्विचपासून सोलेनॉइडच्या छोट्या टोकापर्यंत. हिचे काम फक्त इशारा देण्याचे. इशारा मिळाला की सोलेनॉइड पिनियनला (मोटरीच्या छोट्या दातेरी चाकाला) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये ढकलतो आणि त्याच झटक्यात आतले मोठे संपर्क मिटवून जाड वाट मोकळी करतो. जर्मन मानकाप्रमाणे जाड टोकाला ३० आणि इशाऱ्याच्या टोकाला ५० हा आकडा असतो. बॉशच्या पद्धतीच्या सेल्फवर तो कोरलेला दिसतो.

सोलेनॉइडच्या आत दोन गुंडाळ्या असतात, एक खेचणारी आणि एक धरून ठेवणारी. खेचणारी गुंडाळी क्षणभर तीस-चाळीस अँपिअरसुद्धा ओढते. मोठे संपर्क मिटताच तिच्या दोन्ही टोकांवर सारखाच विद्युत दाब (व्होल्टेज) येऊन ती शांत होते आणि उरलेले काम धरणारी गुंडाळी करते. हे समजले की आवाजांचा अर्थ लागतो. चावी फिरवल्यावर ‘कट-कट-कट’ असा भराभर आवाज आला तर सोलेनॉइड ओढला जातो, पण मोटरीचा भार पडताच दाब कोसळतो आणि तो सुटतो. अशा वेळी बॅटरी उतरलेली असते किंवा जाड वाटेत कुठेतरी सांधा ढिला असतो. एकच ठणठणीत ‘टक्’ होऊन पुढे काही झाले नाही, तर सोलेनॉइडचे मोठे संपर्क जळालेले असतात, मोटर अडकलेली असते किंवा प्रवाह परत जाण्याची वाट तुटलेली असते. काहीच आवाज नाही, पण हेडलाइट प्रखर आहेत, तर बारीक वाट तपासावी.

अर्थ : सर्वांत जास्त चुकणारी जागा

इंजिन चासीला थेट टेकलेले नसते, ते रबरी माउंटिंगवर बसते. रबरातून वीज जात नाही. म्हणून प्रत्येक गाडीत इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते आणि बॅटरीची ऋण केबल इंजिनाला किंवा चासीला जोडलेली असते. जुने इंजिन उतरवताना ही पट्टी जुन्या इंजिनाबरोबर जाते. नवे इंजिन बसवताना माउंटिंग जमले, प्रॉपेलर शाफ्टची लांबी जमली, रेडिएटरचे पाइप जमले याचा आनंद मोठा असतो आणि एका हाताएवढ्या पट्टीची आठवण कुणाला होत नाही.

मग दोनशे अँपिअर प्रवाह परत जायला दुसरी वाट शोधतो. इंजिनाला आणि बॉडीला एकाच वेळी धरून असलेली प्रत्येक धातूची वस्तू त्याला चालते : अॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची तार. चावी फिरवल्यावर सेल्फ जेमतेम हलतो आणि अॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर येतो, हे या दोषाचे अचूक लक्षण आहे. अशी तापलेली केबल नंतर आतल्या आत चिकटते आणि चालत्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबलेलाच राहू शकतो. म्हणून अर्थची पट्टी विसरणे म्हणजे केवळ गाडी सुरू न होणे नव्हे. त्यात जिवाचा धोका आहे, आणि धूर दिसल्यावर केबल बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जाड केबल थेट इंजिनाला, शक्यतो सेल्फच्या बोल्टजवळ जोडावी. दुसरी पट्टी इंजिनापासून चासीला. जिथे लग (केबलच्या टोकाचे धातूचे कडे) बसेल तिथला रंग, गंज आणि पावडर कोटिंग घासून धातू चकचकीत करावा. नव्याने रंगवलेल्या चासीवर, रंगावरच लग आवळलेला पुष्कळदा आढळतो. दिसायला बोल्ट घट्ट असतो, प्रवाहाला मात्र भिंत आडवी येते.

इशाऱ्याची वाट आणि सांधे

जुन्या गाडीची चावी आणि नव्या इंजिनाचा सेल्फ यांची भेट मेकॅनिकने घातलेल्या सांध्यावर होते. रंग बघून वायरी जोडणे हा इथला मोठा घात. ब्रिटिश लुकास पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीची कायम जिवंत लाइन आणि काळी म्हणजे अर्थ. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजेच अर्थ. एका वंशाच्या गाडीत दुसऱ्या वंशाचे इंजिन बसवून तपकिरीला तपकिरी जोडली, तर बॅटरी थेट अर्थला मिळते आणि फ्यूज नसलेल्या त्या वायरीचे आवरण वितळायला फार वेळ लागत नाही. वायरीचा रंग कागदावर लिहून ठेवावा, पण विश्वास मीटरवरच ठेवावा.

फार जुन्या गाड्यांत आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. युद्धकालीन विलीज जीप ६ व्होल्टची होती. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत बरीच वर्षे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. जुन्या गुंडाळीच्या सेल्फला धन-ऋण उलटे झाल्याने फरक पडत नाही, तो त्याच दिशेने फिरतो. आजचे बरेच छोटे सेल्फ कायम चुंबकांचे असतात आणि टोके उलटी झाली की ते उलटे फिरतात. धन टोक अर्थ असलेल्या गाडीत नवा सेल्फ बसवला आणि इंजिन फिरेना, तर आधी हे पाहावे.

चावीच्या स्विचमधून जुनी, बारीक आणि वळणे घेत आलेली वायर सोलेनॉइडला थेट जोडली की ५० च्या टोकावर दाब अपुरा पोहोचतो. सकाळी गाडी चालू होते, पणजीला जाऊन परतताना गरम इंजिनावर नुसती ‘टक्’ करते. कारण तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो आणि सोलेनॉइडची ओढ कमी पडते. इथे चार टोकांचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच) लावावा. चावीची वायर रिलेच्या ८६ आकड्याच्या टोकाला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड वायर आणि ८७ पासून सोलेनॉइडचे ५०. चावीवरचा भार अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो आणि स्विचचे आयुष्य वाढते.

जुन्या गाडीत बॉडीवर वेगळा सोलेनॉइड असेल आणि नव्या सेल्फवर स्वतःचा असेल, तर काही जण सेल्फचे ३० आणि ५० एकमेकांना पत्तीने जोडून सगळा कारभार बॉडीवरच्या सोलेनॉइडवर सोपवतात. ही जोडणी टाळावी. कायम चुंबकाचा सेल्फ फिरता असताना जनित्रासारखा वागतो. चावी सोडल्यावरही तो स्वतःच्याच सोलेनॉइडला वीज पुरवत राहतो आणि पिनियन काही क्षण रिंगमध्येच अडकून खरखरतो.

संगणक असलेल्या इंजिनांत क्लच दाबल्याची किंवा गिअर न्यूट्रल असल्याची खूण मिळाल्याशिवाय स्टार्टरचा रिले न ओढणारी रचना असते. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) काही गाड्यांत इंधन बंद करतो, काहींत सेल्फच अडवतो. इंजिनाबरोबर त्याचा संगणक, चावीची चिप आणि स्विच एकत्र उचलले नसतील, तर कितीही वायरी तपासून उपयोग होत नाही.

मीटरने शोध

टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे वायर चांगली, ही समजूत या कामात सर्वांत जास्त फसवते. पाच वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाहावर पेटतो. केबलच्या शेकडो तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो लखलखतो. सेल्फला मात्र त्या एका तारेतून काही मिळत नाही. म्हणून तपासणी भाराखाली, म्हणजे सेल्फ मारत असतानाच करावी. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये इग्निशन कॉइलचा, डिझेलमध्ये इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडचा कनेक्टर काढलेला. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावे.

आधी बॅटरी. पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास, आणि सेल्फ मारताना दहाच्या खाली जाऊ नये. नंतर मीटरची एक सुई बॅटरीच्या धन खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे तर शिशाच्या खुंटीवरच, आणि दुसरी सोलेनॉइडच्या ३० च्या नटावर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर दोष या केबलीत किंवा तिच्या लगमध्ये आहे. मग एक सुई ऋण खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर. इथे ०.३ व्होल्ट ही मर्यादा धरावी. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थ कच्ची. शेवटी ५० च्या टोकावरचा दाब : तो आठ व्होल्टच्या खाली असेल तर इशाऱ्याच्या वाटेतच दाब खर्च होतो आहे. चार मोजमापांत, पाना हातात घेण्यापूर्वी, दोष कुठल्या हातभर जागेत आहे ते कळते.

इंजिनबदलात बॅटरीची जागा नव्या इंजिनाने खाल्ली की तिला सीटखाली किंवा डिकीत हलवतात. १६ चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर तांब्याच्या केबलमधून २५० अँपिअर गेले तर वाटेतच सुमारे ०.८ व्होल्ट खर्च होतात. तीच केबल ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.४ च्या आत. पेट्रोलच्या जागी डिझेल आले की केबल आणि बॅटरी दोन्ही वाढवणे भाग आहे.

सेल्फ रडतरखडत फिरत असेल तर डीसी क्लॅम्प मीटर (केबलला बाहेरून चिमटा लावून प्रवाह मोजणारा) एका वाचनात निवाडा देतो. प्रवाह कमी आणि गती कमी, तर वाटेत रोध आहे. प्रवाह भरमसाट आणि गती कमी, तर मोटर आतून घासते आहे किंवा इंजिनच जड आहे. पिनियनचे दाते आणि रिंगचे दाते जुळत नसतील तर करकर आवाज येतो, तो वायरिंगचा दोष नव्हे. स्क्रूड्रायव्हरने ३० आणि ५० टेकवून सेल्फ फिरवण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे, पण गाडी गिअरमध्ये असेल तर ती समोर उभ्या माणसाच्या अंगावर जाते.

खारा वारा आणि पाऊस

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. किनाऱ्यावर त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. घरातल्या तांब्याच्या हंड्याला कळंक चढतो तसाच वायरीतल्या तांब्यालाही चढतो, फरक एवढाच की तो आवरणाखाली दिसत नाही. तारांच्या झुबक्यातून ओल दिव्याच्या वातीतल्या तेलासारखी वर चढते. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला सांधा पहिल्या पावसाळ्यात टिकतो. दुसऱ्यात टेपचा डिंक सुटतो आणि आत तांबे काळे-हिरवे पडलेले असते. खाणपट्ट्यातली तांबडी माती कनेक्टरवर बसून ओल धरून ठेवते आणि काम आणखी बिघडवते.

हंडा आमसुलाने उजळतो, म्हणून कुणी वायरीला आंबट लावू नये, आम्ल आत राहून तांबे खात राहते. काळी पडलेली वायर चकचकीत तांबे लागेपर्यंत कापावी. कापून आखूड झाली तर नवी घालावी. लग हातोडीने ठोकून न बसवता क्रिंपिंगच्या अवजाराने दाबावा आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवावी. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी, कोरडे करून आवळावे आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावावी. आधी जेली लावून मग आवळणे चुकीचे. चासीवरच्या अर्थच्या बोल्टलाही हीच वागणूक द्यावी. चाकाच्या कमानीत असलेला अर्थचा बोल्ट पावसाळ्यात सर्वांत आधी गंजतो, त्यामुळे इंजिनबदलाच्या वेळीच तो वर, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) बाजूला घेतलेला बरा.