माका

माका ही सूर्यफुलाच्या, म्हणजे ॲस्टरेसी कुळातली वर्षायू औषधी वनस्पती. शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. एक्लिप्टा आल्बा हे जुने नाव औषधांच्या वेष्टनांवर अजूनही छापतात. संस्कृतात तिला भृंगराज, मार्कव, केशराज म्हणतात. पुणे परिसरात मावळ, मुळशी, भोरकडच्या भातखाचरांच्या बांधांवर आणि झिरपत्या कालव्याच्या कडेला ती आपसूक उगवते. शहरात गळक्या नळाखालीही सापडते. भर पावसाळ्यात, पण ओल मिळाली तर उन्हाळ्यातही तग धरते.

खोड लालसर असते आणि जमिनीला टेकले की पेऱ्यांतून मुळे फुटतात. पाने समोरासमोर, बिनदेठाची, भाल्याच्या आकाराची आणि हाताला खरखरीत लागणारी. सहा ते आठ मिलिमीटरचे जे पांढरे ‘फूल’ दिसते तो खरे तर फुलोरा आहे: कडेला बारीक किरणपुष्पके (पाकळीसारखी दिसणारी फुले), मध्ये नळीसारखी. ती गळाली की हिरवी चकती उरते आणि तीत फळे दाटीने बसतात, अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढे सूर्यफूल. फळांना केसांचा झुबका नसल्याने ती वाऱ्यावर उडत नाहीत.

गल्लत होते ती ओळखताना. एकदांडी, म्हणजे दगडी पाला, याच कुळातला. पण त्याची पाने खोल दातेरी, फुलोरा वीतभर लांब दांड्यावर एकटा, मधला भाग पिवळा आणि फळांना झुबका. बागेत जमीन झाकायला लावतात ती पिवळ्या फुलांची पसरट वेल निराळीच. आयुर्वेदातला पिवळा माका तिचा भाऊबंद असला तरी ती वेल म्हणजे पिवळा माकाही नव्हे. शंका आली तर पान तळहातावर चोळावे. माक्याचा हिरवा रस थोड्याच वेळात काळपट होतो. गोंदणाला निळसर काळा रंग येण्यासाठी हाच रस वापरत.

गणेश चतुर्थीच्या एकवीस पत्रींत माका आहे. प्रचलित क्रमात मालतीनंतर लगेच. श्राद्धकर्मातही त्याची पाने लागतात. मंडईत पत्रीची जुडी विकत घेताना ती सोडून एकवीस पाने मोजणारे गिऱ्हाईक विरळाच, त्यामुळे माक्याच्या जागी काय आले हे बहुधा कोणी पाहत नाही.

मुख्य उपयोग केसांच्या तेलाचा. स्वरसाने, म्हणजे ताज्या पिळलेल्या रसाने, तेल सिद्ध करताना तेलाच्या चौपट रस आणि एक अष्टमांश कल्क (वाटलेला पाला) हे आयुर्वेदशास्त्रातले प्रमाण. घरापुरते २५० मिलिलिटर तीळतेल, १ लिटर रस आणि सुमारे ३० ग्रॅम वाटलेला पाला पुरे. फुलावर आलेली झाडे मुळे काढून, दोन-तीन पाण्यांत धुऊन, निथळून वाटावीत आणि फडक्यातून पिळावीत. रस काळा पडला म्हणजे नासला असे नाही, पण तो शिळा ठेवू नये. कढई मिश्रणाच्या निदान दुप्पट मोठी घ्यावी, कारण फेस चढतो. मंद आचेवर दोन-तीन तास, तळ सतत खरवडत शिजवावे. कल्काची बोटांत वात वळली, ती आगीवर धरल्यावर तडतडली नाही आणि तेलावर फेस आला, की पाक झाला. तडतड म्हणजे पाणी शिल्लक; असे तेल लवकर खवट होते. घाईने आच वाढवली तर कल्क जळतो, तेलाला करपट वास येतो आणि ते टाकूनच द्यावे लागते. कोमट असताना गाळून, पूर्ण निवल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे. पुण्यात खोबरेल घेणारे पुष्कळ. मात्र डिसेंबरच्या थंडीत ते गोठते, म्हणून निम्मे तीळतेल घालणे सोयीचे.

हे तेल पांढरे केस मुळातून काळे करत नाही. केसवाढीबाबत प्राण्यांवरचे प्रयोग आशादायक आहेत, माणसांवरचा पुरावा तोकडा. वेडेलोलॅक्टोन हे माक्यातले सर्वांत अभ्यासले गेलेले द्रव्य. यकृताच्या विकारांवर रस पोटात देण्याची परंपरा आहे, पण तो वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावा. तेलही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावे.

मुळा-मुठेच्या काठचा किंवा नाल्यालगतचा माका कितीही टवटवीत असला तरी घेऊ नये. सांडपाण्यातले धातू वनस्पतीत उतरू शकतात. त्यापेक्षा कुंडीत लावणे बरे. बी मातीखाली पुरले तर उगवत नाही, त्याला उजेड लागतो. म्हणून ओल्या मातीवर नुसते भुरभुरावे. त्याहून सोपे म्हणजे पेऱ्याची मुळे फुटलेली फांदी आडवी दाबणे. मार्च ते मे रोज पाणी आणि दुपारची सावली हवी, नाहीतर पाने कडेने वाळतात. कापणी जमिनीपासून चार बोटे वर करावी, म्हणजे पुन्हा फुटवे येतात.