रेंज फुल, तरी नेट का अडतं? टॉवरमागच्या वाटेची पार्श्वभूमी

सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर फोनला रेंज पूर्ण दिसते, पण व्हॉट्सॲपवरचा फोटो काही उघडत नाही. शिव्या बसतात टॉवरला. दोष अनेकदा टॉवरपासून एक्स्चेंजपर्यंतच्या वाटेत, म्हणजे बॅकहॉलमध्ये असतो.

ही वाट मुळात बोलण्यासाठी बांधली होती. टू-जीचे टॉवर ई-वन नावाच्या ठरलेल्या वेगाच्या लाइनवर चालत. एक ई-वन म्हणजे 2.048 एमबीपीएस, त्यात 64 केबीपीएसचे 32 कप्पे. रावेरहून निघालेल्या केळीच्या गाडीत प्रत्येक बागायतदाराचा डबा ठरलेला असावा आणि माल नसला तरी तो रिकामाच जावा, तसा हा प्रकार. टॉवरखालच्या खोलीत क्रोन पट्टीवर, म्हणजे वायरी जोडायच्या पट्टीवर, बारीक वायरींच्या जोड्या ठोकलेल्या असत. एक जोडी सैल झाली की लाइन गेलीच. तरी कॉलसाठी ही व्यवस्था चोख होती, हे मान्य करायलाच हवं.

थ्री-जीत जादा ई-वन जोडून वेळ मारून नेली. फोर-जीने गणितच मोडलं. सुरुवातीच्या फोर-जीतही 20 मेगाहर्ट्झवर एका सेक्टरचा, म्हणजे टॉवरच्या एका दिशेचा, कमाल वेग 150 एमबीपीएस. त्यासाठी 70 हून जास्त ई-वन लागतील, आणि टॉवरला सेक्टर सहसा तीन. शिवाय फोर-जीची रचनाच आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीवर बेतलेली. म्हणून पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे करून पाठवणं, आलं: डबे कुणाचेच नाहीत, ज्याचा माल आला त्याने जागा घ्यावी.

यात एक मोठी अडचण होती. ई-वनमधून टॉवरला घड्याळाचा ठोकाही मिळत असे. टॉवरच्या फ्रिक्वेन्सीत अब्जात 50 भागांपेक्षा जास्त फरक चालत नाही. तो वाढला की एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना कॉल तुटतात. पॅकेट ज्यावरून जातात त्या साध्या इथरनेट लाइनमध्ये हा ठोका नव्हता. सिंक-ई (ठोका वाहून नेणारं इथरनेट) आणि 2008 मध्ये सुधारलेलं, पॅकेटमधून वेळ जुळवणारं आयईईई 1588 हे मानक आल्यावर तो पॅकेटच्या वाटेनेही पोचू लागला.

डोंगरात फायबर नेणं अवघड, तिथे एका टॉवरवरून दुसऱ्यावर रेडिओ लहरींनी माहिती पाठवणारी मायक्रोवेव्ह डिशच कामाला येते. जोराच्या पावसात जुना रेडिओ थेट बंद पडायचा. पॅकेट रेडिओ वेग उतरवतो, आवाज आधी जाऊ देतो, व्हिडिओला थांबवतो. पावसाळ्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे हा फरक फार मोलाचा आहे.

पण तिथे डिशची साखळी असते. मागच्या सगळ्या टॉवरचा भार एक्स्चेंजकडच्या पहिल्या हॉपवर, म्हणजे दोन डिशमधल्या पहिल्या टप्प्यावर येतो. शेवटच्या टॉवरवर फोर-जीचा नवा बॉक्स चढवला आणि मधला एकच हॉप जुना राहिला, तर पाड्यावर पोचतं ते त्या हॉपमधून मावेल तेवढंच.