अर्जदार ते सदस्य: शुभंकरांच्या प्रशिक्षणामागची वाटचाल

मानसिक आजारांबद्दल मराठीत बोलताना दोन शब्द आता चांगले रुळले आहेत. ज्याला आजार आहे तो शुभार्थी आणि जो त्याची काळजी घेतो तो शुभंकर. ‘पेशंटचे नातेवाईक’ म्हटलं की ओपीडीच्या बाकावर फाईल छातीशी धरून नंबराची वाट बघणारं माणूस डोळ्यांसमोर येतं. शुभंकर म्हटलं की त्याच माणसाला एक काम आणि एक मान मिळतो. या शुभंकरांनी डॉक्टरांशी, अधिकाऱ्यांशी, आमदारांशी कसं बोलावं, गट कसा चालवावा, समितीत बसून आपली बाजू कशी लावून धरावी, याचं प्रशिक्षण हा आपल्याकडे अजून नवा विषय आहे. तिथपर्यंत यायला मात्र शंभरावर वर्षं लागली आहेत.

ब्रिटिशांच्या १९१२ च्या ‘इंडियन ल्यूनसी अ‍ॅक्ट’मध्ये कुटुंबाची भूमिका एवढीच होती की त्याने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. सोबत डॉक्टरांचे दाखले जोडायचे, हुकूम झाला की माणूस आत. पुढचं सगळं संस्थेकडे. पण त्या संस्था होत्या तरी किती? देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने मोजदाद केली तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णालयांत सुमारे दहा हजार खाटा होत्या. म्हणजे चाळीस हजार लोकांमागे एक. बाकीची माणसं अर्थातच घरी होती. त्यांना आई, बायको, बहीण सांभाळत होती आणि त्या सांभाळण्याची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर नव्हती.

नातेवाइकांना पहिल्यांदा आत घेतलं ते १९५० च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात. तिथले डॉ. विद्यासागर यांच्याकडे माणूसबळ कमी आणि रुग्ण फार, अशी स्थिती होती. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं. नातेवाईक स्वयंपाक करत, रुग्णाला जेवू घालत आणि डॉक्टर सगळ्यांना एकत्र बसवून आजाराबद्दल समजावून सांगत. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. आजार म्हणजे काय हे घरच्यांनी जवळून पाहिलेलं असल्याने ते त्यांना परत न्यायला घाबरत नव्हते. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आणि बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनेही कुटुंबाला सोबत ठेवूनच उपचाराची घडी बसवली. जगात इतरत्र नातेवाइकांना भेटीच्या वेळेपुरतं आत सोडत असताना आपण हे केलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्याच काळात पाश्चात्त्य मानसोपचारात वारं उलटं वाहत होतं. १९४८ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा, दोष आईच्या वागण्याकडे नेणारी संज्ञा मांडली आणि ती पुढची कित्येक वर्षं आयांच्या माथी बसली. मुलाचं आजारपण काढायचं आणि वर ते आपल्यामुळेच झालं हेही ऐकून घ्यायचं! अमेरिकेत कुटुंबांची चळवळ उभी राहिली ती बऱ्याच अंशी या आरोपाच्या चिडीतून. १९७९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे, स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलांच्या दोन आयांच्या पुढाकाराने ‘नॅमी’ ही संघटना उभी राहिली. १९९१ मध्ये जॉइस बर्लंड यांनी कुटुंबांसाठी बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. बर्लंड स्वतः मानसशास्त्रज्ञ, पण त्यांच्या घरातही हा आजार होता. त्यामुळे शिकवणारे म्हणून त्यांनी प्रशिक्षण दिलेले शुभंकरच नेमले. काल वर्गात शेवटच्या खुर्चीवर रडत बसलेली बाई उद्या फळ्यापाशी उभी राहू शकते, हे त्या अभ्यासक्रमाने दाखवून दिलं.

नेतृत्व आणि पाठपुराव्याचं प्रशिक्षण म्हणून ज्याचं नाव आधी घ्यायला हवं, ते मात्र मानसिक आजाराच्या नव्हे तर विकासात्मक, म्हणजे लहानपणापासूनच्या, अपंगत्वाच्या क्षेत्रातून आलं. मिनेसोटा राज्याच्या अपंगत्वविषयक परिषदेने १९८७ मध्ये ‘पार्टनर्स इन पॉलिसीमेकिंग’ सुरू केलं. लहान अपंग मुलांचे पालक आणि स्वतः अपंग असलेले प्रौढ एकाच वर्गात बसत. वर्षभरात आठ वेळा, दोन-दोन दिवस. विषय होते चळवळीचा इतिहास, विधेयकाचा कायदा कसा होतो, समितीपुढे साक्ष कशी द्यायची, लोकप्रतिनिधीला कसं भेटायचं. गृहपाठ म्हणून खरी पत्रं खऱ्या अधिकाऱ्यांना लिहायची. आणि वर्गाला आलेल्या आईच्या घरी मुलाजवळ कोण थांबेल, त्याचा खर्चही कार्यक्रमच उचलत असे. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. कारण आपल्याकडे जिला शिकायची सर्वाधिक गरज असते, नेमकी तीच बाई कार्यशाळेला येऊ शकत नाही.

कुटुंबांच्या संघटनेची कल्पना महाराष्ट्रात आली ती एका शुभंकराच्याच हातून. मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. कुटुंबं एकत्र येऊन काय करू शकतात हे त्यांनी तिकडे पाहिलं आणि १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ म्हणजेच ‘सा’ची स्थापना केली. ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून उभा राहिला. त्यात आजारी भावाला सांभाळणारी बहीण आहे आणि मराठी घरांनी स्वतःला त्या बहिणीत ओळखलं. चेन्नईत ‘आशा’ हा कुटुंबांचा गट १९८९ पासून होता, ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून. स्वमदत गट वाढत गेले तसतसे त्यातून गट चालवणारे, बोलणारे, लिहिणारे शुभंकर तयार होत गेले. अभ्यासक्रम असा नव्हता. एकाने दुसऱ्याला धरून शिकवलं.

६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून गेले. त्यांना तिथे ठेवणारी बहुतेक त्यांचीच कुटुंबं होती, ज्यांना दुसरा रस्ता कुणी दाखवला नव्हता. त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मानसिक आरोग्याचा प्रश्न पहिल्या पानावर आला.

खरा बदल २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केला. केंद्रीय आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर शुभंकरांचे दोन-दोन प्रतिनिधी असलेच पाहिजेत, असं त्यात लिहिलं आहे. आजार असलेल्या किंवा कधी असलेल्या व्यक्तींच्या जागा वेगळ्या आहेत. १९१२ चा अर्जदार शंभर वर्षांनी सदस्य झाला. पण सचिव, मनोविकारतज्ज्ञ, कायदेतज्ज्ञ यांच्या शेजारी बसून इतिवृत्त वाचायचं, अजेंड्यावर विषय घ्यायला लावायचा, ‘हे नियमात बसत नाही’ म्हटल्यावर ‘कुठल्या नियमात?’ असं शांतपणे विचारायचं, हे कुणाला जन्मतः येत नाही.

याच कायद्याने दुसरीही गोष्ट केली, आणि तिच्याबद्दल शुभंकरांमध्ये अजून अस्वस्थता आहे. आपल्या वतीने कोण बोलेल ते व्यक्तीने स्वतः ठरवायचं. नामनिर्देशित प्रतिनिधी घरचाच असेल असं नाही. पुण्यातच १९९९ मध्ये भार्गवी दावर यांनी आपल्या आईच्या नावाने ‘बापू ट्रस्ट’ सुरू केला. सक्तीचे उपचार आणि कुटुंबाच्या हातातली डांबून ठेवण्याची ताकद यांवर त्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारले. शुभंकरांना ते बोलणं बोचायचं. मला वाटतं, ज्या प्रशिक्षणात हे बोचणारं बोलणं ऐकवलं जात नाही ते अपुरं आहे.

शुभंकरांच्या एका प्रशिक्षण सत्रात मी मागे बसलो होतो. सराव होता, जिल्हा शल्यचिकित्सकांना पाच ओळींत अर्ज लिहा. एका निवृत्त गृहस्थांनी आधी दोन पानं भरली. वीस वर्षांचा इतिहास, किती डॉक्टर, किती देव, किती पैसा. शिकवणाऱ्या बाई स्वतः एका शुभार्थीची बहीण. त्या म्हणाल्या, “काका, साहेबांनी उद्या काय करायला हवं, तेवढंच लिहा.” मग कागदावर उरलं ते असं: सिव्हिलमध्ये तीन महिने मुलाचं औषध नाही, बाहेरून घ्यावं लागतं, दिव्यांगत्वाच्या दाखल्याच्या नूतनीकरणाची तारीख मिळत नाही. पाचवी ओळ होती, ‘औषध चुकलं की मुलगा हात उगारतो.’

मुलगा शेजारीच बसला होता. बाईंनी त्याला विचारलं, “हे लिहिलेलं तुम्हाला चालेल?” तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग वडिलांच्या हातून पेन घेऊन त्याने पाचवी ओळ खोडली आणि लिहिलं, ‘औषध चुकलं की मला झोप लागत नाही आणि भीती वाटते.’ वडिलांनी अर्ज पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. खाली आता दोन सह्या होत्या.